लुगडं त्यांच्याच हातात राहिलं

आत्याबाई,

तुमची तेरवी परवा झाली. भाजी तिखटजाळ होती, बुंदीचा पाक कच्चा राहिला होता आणि वरणात हिंग नावालाही नव्हता. तुम्ही असता तर आचाऱ्याला उभं सोललं असतं. मला तुमच्यासारखं चारचौघांत ओरडता येत नाही. मला फक्त डूख धरता येतो, आणि तोही तुमच्याच हाताखाली शिकले.

तात्यांनी, म्हणजे आपल्या भावकीतल्या थोरल्यांनी, पेपरात द्यायला चार ओळी लिहून आणल्या होत्या. प्रेमळ, सोशिक, मनमिळाऊ. मी वाचल्या आणि विचारलं, "तात्या, हे कोन्या बाईचं आहे?" त्यांना वाटलं, सासूच्या दुःखानं सुनेचं डोकं फिरलं. विलासनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला. अजून तिथंच असेल, तुमच्या मुलाला खिसे रिकामे करायची सवय कुठं आहे? पेपरात काही आलं नाही. म्हणून मीच लिहायला बसले. ज्यांना सोशिक बाई हवी असेल त्यांनी दुसरं घर बघावं.

तुमची आणि माझ्या बाबांची पहिली भेट आठवते का? माझं स्थळ तुमच्याकडे आलं तेव्हा पतसंस्था बुडून फार दिवस झाले नव्हते. आमच्या गावी, वरवट बकालला, माझ्या बाबांना लोकांनी सांगितलं होतं, त्या घरी पोरगी देऊ नका, त्या बाईनं अख्खी गल्ली बुडवली. बाबा तरी आले. तुम्ही चहाचा कप त्यांच्या हातात देण्याआधीच म्हणालात, "पाव्हने, लोक सांगतात ते खरं हाय. बाया माह्या शब्दावर गेल्या. घरात आता काही नाई. इचार करून पोरगी द्या." बाबांनी चहा प्यायला आणि तिथंच होकार दिला. परत येताना एसटीतून मला फोन करून म्हणाले, "घर गरीब आहे, पण सासू खोटं बोलणार नाही." मला तेव्हा नवऱ्याबद्दल ऐकायचं होतं, सासूचं काय करू?

बाया तुमच्या शब्दावर गेल्या आणि तुम्ही कोणाच्या शब्दावर गेला होतात, ते मला हळूहळू कळलं. दिगंबरभाऊ. तुमच्या माहेरी, रोहिणखेडला, जुन्या मशिदीच्या मागच्या बोळात तुमची घरं समोरासमोर. त्यांच्या आईचा तवा तुमच्या चुलीवर आणि तुमच्या आईचं जातं त्यांच्या ओसरीवर. तुम्हाला सख्खा भाऊ नव्हता, म्हणून लहानपणापासून राखी त्यांना. मोठेपणी त्यांनी इथं आपल्या गावात पतसंस्था काढली, अध्यक्षाच्या खुर्चीवर बसले, आणि पहिल्याच दिवशी तुमच्या पाया पडून म्हणाले, "बाई, तुह्या गल्लीतल्या बाया माह्याकडं पाठव. तुह्या भावाच्या हातात पैसा असन त भेव कशाचं?"

माहेरचा माणूस म्हटलं की आपल्या बायकांची अक्कल चरायला जाते. सासरच्या माणसानं असं सांगितलं असतं तर तुम्ही दहा प्रश्न विचारले असते. पण माहेरच्या माणसाला काय विचारायचं? तुम्ही दारोदार फिरलात. शिवणाची, कुरडयांची, अंड्यांची, दुधाची, साडीच्या घडीत लपवलेली सगळी बचत बायांनी तिथं नेऊन ठेवली. घरची तुमचीही ठेवलीत. विलासना चक्की टाकायची होती, ती रक्कमही तिथंच. मग एका सकाळी शटर उघडलंच नाही. पुढं कळलं, कर्जं सगळी अध्यक्षांच्या मेव्हण्या-भाच्यांना दिली होती आणि त्यांच्याकडून वसूल करायला कोणी धजत नव्हतं. सरकारी कचेरीत विचारायला गेलं की आजही एकच उत्तर मिळतं, चौकशी चालू आहे. अध्यक्षांचा बंगला मात्र त्या वर्षी वरच्या मजल्यासकट पूर्ण झाला.

लोकांना वाटतं पैसा बुडाला. पैसा तर बुडालाच. पण मी या गल्लीत आले तेव्हा काय पाहिलं ते सांगते. इथं कोणी कोणाकडे वाटीभर साखर मागत नव्हतं. भिशी नव्हती, बचत गट नव्हता, एकमेकींच्या गच्चीवर कुरडया घालणं बंद होतं. बाया ज्वारीच्या कोठीत नोटा ठेवायच्या आणि उंदीर कुरतडायचे, तरी बँकेचं नाव काढलं की अंगावर यायच्या. पोरांची शिक्षणं अर्ध्यावर राहिली, ती पोरं आता पुण्याला कुठं कुठं गोदामात आहेत. विलास दुसऱ्याचा टेम्पो चालवतात. सगळ्यांना ठाऊक होतं की खाल्लं कोणी. पण बंगल्याला कुंपण होतं, गेटवर माणूस होता. तुमचं दार उघडं होतं. म्हणून राग तुमच्या दारात.

समोरच्या कौसाबाईंचंच बघा ना. तुम्ही दोघी एका गच्चीवर पापड लाटणाऱ्या. त्यांच्या मशीनच्या शिवणावर लेकीचं नर्सिंग चाललं होतं, ते सुटलं. घाईघाईत लग्न लावून दिलं पोरीचं. तेव्हापासून कौसाबाई तुमच्याशी बोलल्या नाहीत. रोज सकाळी त्या स्वतःच्या दारातला केर झाडत झाडत रस्ता ओलांडून आपल्या उंबऱ्याशी आणून लोटायच्या आणि तुम्ही तो मुकाट भरायच्या. मी नवी होते, रक्त गरम होतं. एकदा झाडू घेऊन भांडायला निघाले तर तुम्ही माझा पदर धरलात. "बस खाली. तिचा हक हाय तो." मी म्हटलं, "मग तुमचा हक्क कुठं आहे?" तुम्ही म्हणालात, "माह्या हकाचं मी पाहून राह्यली. तू भाकरी थाप."

तुम्ही काय पाहत होतात ते मला दिगंबरभाऊंच्या मोठ्या मुलीच्या लग्नात कळलं. पत्रिका आली होती. मानलेल्या बहिणीला वगळलं असतं तर रोहिणखेडात त्यांचीच नाचक्की झाली असती. तुम्ही धुतलेलं पांढरं लुगडं नेसून, मला बरोबर घेऊन गेलात. मला वाटलं, विसरलात सगळं. पंगत बसली. मीठ आलं, तुम्ही पत्रावळीवर हात आडवा धरला. भाजी आली, हात आडवा. पोळी, वरण, बुंदी, सगळ्यांना तुमचा हात आडवा. आपल्याकडं सगळ्या पत्रावळी वाढून झाल्याशिवाय आणि यजमान 'होऊ द्या सावकाश' म्हणत फिरल्याशिवाय कोणी घास उचलत नाही. तुमची एक पत्रावळ रिकामी आणि अख्खी पंगत खोळंबली. भाजी निवायला लागली. लोक माना वळवून बघायला लागले. शेवटी वाढप्यांनी यजमानांनाच बोलावून आणलं.

ते आले. फेटा बांधलेला, कपाळावर गंध, हातात बुंदीची परात. तुमच्यापुढं वाकले. "घे नं बाई, एक घास तरी."

आणि तुम्ही, साध्या आवाजात, जसं काही मीठ मागताय, "घेतो नं. जेवाले त आली मी. आधी माह्या गल्लीतल्या बायाइचं वाढ, दिगंबर. मंग माहं वाढ."

ते हसले. सगळे मोठे लोक असेच हसतात, दातांनी. त्यांनी बुंदी घालायला हात पुढं केला, तुम्ही पत्रावळ पोटाशी ओढून घेतलीत. ते तसेच वाकून राहिले. मी त्यांच्या कानशिलावरून ओघळणारा घाम पाहिला आणि आत्याबाई, खरं सांगते, मला स्वतःच्या लग्नात झाला नव्हता इतका आनंद झाला. शेवटी कोणीतरी म्हातारं माणूस ओरडलं आणि पंगत सुरू झाली. तुम्ही सगळे उठेपर्यंत मांडी घालून बसलात, कोरी पत्रावळ घडी घालून पिशवीत टाकलीत आणि घरी येऊन भाकर आणि ठेचा असा काही हाणलात की मला पुन्हा पीठ मळावं लागलं. "अन्नाचा कन वाया नाई जाऊ देला," म्हणालात. याचाच तुम्हाला जास्त अभिमान होता.

मग तो नेमच झाला. त्यांच्या घरचं बारसं असो, साखरपुडा असो, हनुमान जयंतीचा भंडारा असो, तुम्ही बोलावलं तरी जायच्या आणि नाही बोलावलं तरी जायच्या. भंडाऱ्याला कोणाला अडवता येत नाही. दर वेळी हात आडवा, दर वेळी ते परात घेऊन वाकलेले, दर वेळी तेच वाक्य. धाकट्या मुलीच्या लग्नात त्यांनी बफे ठेवला. जिल्ह्यात सगळ्यांना वाटलं फॅशन आली. मला आणि तुम्हाला ठाऊक होतं की बफे कोणाच्या भीतीनं आला. तुम्ही त्या उभ्यानं जेवणाऱ्या माणसांकडं बघून म्हणालात, "हे काय बाप्पा, दावनीले बांधल्यासारखं?" मला वाटलं आता तुमचं हत्यार गेलं. तुम्ही रिकामी प्लेट उचललीत आणि स्टेजच्या पायरीशी जाऊन उभ्या राहिलात. नवरानवरीसोबत आमदार, डॉक्टर, व्यापारी फोटो काढत होते, आणि प्रत्येक फोटोत कडेला एक वाळकी म्हातारी रिकामी प्लेट धरून. तो अल्बम त्यांनी पाहुण्यांना कधीच दाखवला नाही म्हणतात. मला तो एकदा पाहायला मिळावा, एवढीच माझी इच्छा आहे.

पण आपलं भांडण त्यावरूनच होतं, आणि ते अर्धवट टाकून तुम्ही गेलात. मी म्हणायचे, हे फार मवाळ आहे. मोर्चा काढू, कोर्टात जाऊ, बुलढाण्याला उपोषणाला बसू, तोंडाला काळं फासू. त्यांना आत टाकायला पाहिजे. तुम्ही चुलीतलं लाकूड मागंपुढं करत म्हणायच्या, "आन तुरुंगात गेला त मले दिसन कसा?"

"न दिसू दे. भोगू तर दे."

"तिथी कोनापुढं भोगन तो? शिपायापुढं? मले त माह्यापुढं वाकलेला पायजे."

"त्यानं कोणाचे पैसे येणार आहेत?"

"पैसे येत नाई आता, हे मले तुह्याहून पयले समजलं. तो एकडाव तोंडानं म्हनू दे, बायाइ हो, तुमी बाईच्या शब्दावर नाई, माह्या शब्दावर आल्या होत्या. आन शब्द मी मोडला. बस. मंग मी जेवतो त्याच्या घरी."

मला अजूनही वाटतं माझंच बरोबर होतं. वाकवून काय होतं? वाकलेला माणूस घरी जाऊन सरळ होतोच. तो निवडणुकीला उभा राहतो, शाळेत झेंडावंदन करतो, पोरांना काटकसरीवर भाषण देतो. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "बोल, बोल, तुले लय समजते." बोलते ना. आता बोलायला समोर कोणी नाही, हाच तर त्रास आहे. भाकरी थापताना मी अजून तुमच्याशी वाद घालते आणि तव्यावर भाकर करपते.

एक गोष्ट मात्र विचारायची राहून गेली. दर श्रावणात तुम्ही त्यांना पोस्टानं राखी पाठवायच्या. मी चिडायचे. "त्या माणसाला राखी काऊन धाडता?" तुम्ही म्हणायच्या, "त्याले मालूम पायजे, मी जित्ती आहो." मला ते उत्तर इतकं आवडलं होतं की मी मेडिकलवर, जिथं मी कामाला बसते तिथं, सगळ्यांना सांगितलं. मग एका वर्षी मोताळ्याच्या बाजारात मी तुम्हाला लांबून पाहिलं. तुम्ही राख्यांच्या गाडीशी उभ्या होतात. एक उचलत होतात, ठेवत होतात, धागा बोटात धरून ताणून बघत होतात. स्वस्तातली एक गाडीवाल्यानं पुढं केली तर तुम्ही ती बाजूला सारलीत. सूड घ्यायला इतकी निवड कोण करतं? मला विचारायचं होतं की तुमच्या पोटात त्यांच्यासाठी नक्की काय आहे. विचारलं नाही, कारण उत्तराची भीती वाटली. माझा राग तुमच्या रागावर उभा होता. तुमचा ढासळला असता तर माझं काय?

शेवटचं आजारपण तुम्ही फार लांबवलं नाहीत. ताप, मग छाती भरली, मग बुलढाण्याचा दवाखाना, मग डॉक्टरांनीच घरी न्यायला सांगितलं. घरी खाट खिडकीशी हवी म्हणालात, समोरचं दिसेल अशी. सकाळी कौसाबाई केर लोटत आल्या, तुम्ही उशीवरून मान उचलून पाहिलंत आणि मला म्हणालात, "कौशीचा झाडू पार झिजला. नवा घे म्हन तिले." त्यानंतर तुम्ही दोन-चार शब्द बोललात, पण ते पाणी आणि पांघरुणाचे. मी तुमचे केस विंचरून अंबाडा घातला तेव्हा कंगव्यात इतके केस आले की मी ते तुम्हाला दिसू नयेत म्हणून मुठीत लपवले. दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही गेलात.

आता पुढचं ऐका. यातलं तुम्ही काही पाहिलं नाहीत, म्हणून नीट सांगते.

तुम्हाला आंघोळ घातली, ओसरीवर ठेवलं. बाया म्हणाल्या, माहेरचं लुगडं आल्याशिवाय बाईला उचलत नाहीत. रोहिणखेडला तुमचं आता कोण आहे? चुलतभावाचा मुलगा सुरतला, त्याला यायला रात्र झाली असती. विलास फोन लावत होते, मी तुमच्या पायाशी बसून होते. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी पांढरी गाडी थांबली. दिगंबरभाऊ उतरले. मागून दोन पोरं मोबाइल वर धरून. भाऊंच्या दोन्ही हातांवर आडवं लुगडं, जरीच्या काठाचं, दुकानाच्या पारदर्शक पिशवीत. डोळे लाल. खरे लाल होते की चोळून, ते मला सांगता येणार नाही. निवडणूक तोंडावर आहे आणि या गल्लीत मतं आहेत, एवढं मला सांगता येतं.

"मी माहेरचा आहे," ते तात्यांना म्हणाले. "बहिणीला शेवटचं लुगडं भावाचंच." तात्यांनी मान हलवली, बाया सरकल्या, वाट झाली. ते तुमच्याकडं यायला लागले आणि मला एकदम दिसलं, हे झालं की संपलं. उद्या फोटो फिरतील, भावानं बहिणीची पाठवणी केली. तुम्ही आयुष्यभर आडवा धरलेला हात आता उचलता येत नव्हता, आणि हा माणूस त्याचा फायदा घेऊन तुमच्या अंगावर कापड टाकणार होता. मी उठून मध्ये उभी राहिले.

"थांबा भाऊ. हे लुगडं नाही लागणार."

तात्या ओरडले, "सूनबाई, माहेरचं लुगडं आहे. नाही म्हनू नये. मधात बोलू नको."

"माहेरचं असन त मी माह्या हातानं घालतो, तात्या. पन आधी यायनं इथं गल्लीत सांगाव, बाया पैसे ठेवाले कोनाच्या शब्दावर गेल्या, आन तो शब्द कोनं मोडला." माझा आवाज चिरका झाला होता. मी म्हटलं ना, मला ओरडता येत नाही.

दिगंबरभाऊ जवळ येऊन हळूच म्हणाले, "सूनबाई, मेल्या माणसापुढं हिशेब काढत नाही."

"हा मेल्या मानसाचाच हिशेब आहे."

मोबाइल धरलेली पोरं एकमेकांकडं बघायला लागली. तात्यांनी विलासना हाक मारली, "अरे, तुह्या बायकोले आवर." विलास नुसते उभे. गल्लीतल्या बाया एकमेकींच्या मागं सरकल्या, आणि मला वाटलं, हरले. या बायांनी वर्षानुवर्षं सगळा राग तुमच्या दारात आणून टाकला, त्या आज तुमच्या बाजूनं कशाला बोलतील?

तेवढ्यात समोरचं दार वाजलं. कौसाबाई रस्ता ओलांडून आल्या. हातात घडी घातलेलं एक साधं हिरवट लुगडं. तुमच्या उंबऱ्याच्या आत त्यांनी कित्येक वर्षांनी पाय ठेवला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही, तुमच्याकडंही नाही. दिगंबरभाऊंना म्हणाल्या, "गाडी काढा तिथून. तिरडीले वाट पायजे."

मग लुगडं उलगडून तुमच्या अंगावर घातलं, पायाकडून छातीपर्यंत, सुरकुती काढत, जसं काही शिवायला कापड टेबलावर पसरलंय. "हे माह्या भावानं घेतलेलं हाय," त्या तात्यांना म्हणाल्या. "माहेर कोन्या बाईचं का असेना, माहेरच आहे. उचला आता."

मी त्यांचे हात धरले. माझं सगळं रडं तिथं बाहेर पडलं. मला वाटलं त्यांनी तुम्हाला माफ केलं. त्यांनी हात सोडवून घेतले आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "माफ नाई केलं म्या तिले. माही पोरगी आज नर्स असती. पन त्याच्या हातचं नको. तिले नको आन मलेही नको."

आत्याबाई, माफीपेक्षा मला हे जास्त आवडलं. तुम्हालाही आवडलं असतं.

आता दिगंबरभाऊंची पंचाईत बघा. मयतासाठी आणलेलं कापड परत घरात नेत नाहीत, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यांनी लुगडं गाडीत ठेवायला दार उघडलं तर ड्रायव्हर खाली उतरला. "साहेब, मयताचं आहे. गाडीत नका ठेवू." मयताची कापडं घेणाऱ्या न्हाव्याला देऊ केलं, तोही मागं सरकला. इतक्या लोकांसमोर नाकारलेलं लुगडं कोण घेणार? शेवटी ते हातावर तसंच घेऊन तुमच्या मागं स्मशानापर्यंत चालले. भर उन्हात, सगळ्या गावादेखत. मोबाइलवाल्या पोरांनी शूटिंग बंद केलं होतं, पण गल्लीतल्या पोरांनी सुरू केलं होतं.

सरणावर तुम्हाला ठेवलं, तेव्हा ते पुढं झाले आणि लुगडं लाकडांवर ठेवायला गेले. विलासनी त्यांचा हात धरला. आपले विलास, ज्यांनी कधी टेम्पोचा हॉर्न जोरात वाजवला नाही. ते म्हणाले, "राहू द्या, मामा." एवढंच म्हणाले. पण हात सोडला नाही, भाऊ मागं सरकेपर्यंत. ते पाहून आलेल्या पुरुषांनी घरी येऊन मला सांगितलं. मी त्या दिवशी नवऱ्याला पहिल्यांदा स्वतःहून चहा विचारला, असं समजा.

राख सावडली त्या दिवशी त्यांचा माणूस पिशवी घेऊन आला. "साहेबांनी सांगितलं, तुमीच नदीत सोडून द्या." मी पिशवीला हात लावला नाही. तो तशीच घेऊन गेला. मग कानावर यायला लागलं. त्यांच्या बायकोनं लुगडं उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. ते गाडीच्या शेडमध्ये खिळ्याला टांगलंय. दान द्यावं तर तालुक्यात कोणी घेत नाही, सगळ्यांनी ते लुगडं मोबाइलवर पाहिलंय. जाळावं तर घरचे म्हणतात, अंगणात मयताचं कापड जाळायचं नाही. नदीत सोडावं तर बायको म्हणते, ज्या घरानं नाकारलं त्यांनीच सोडलं तर सुटतं. सुना त्या शेडकडून जात नाहीत. स्वयंपाकीण काम सोडून गेली. मी रोज मेडिकलवर हे ऐकते आणि गोळ्यांच्या पट्ट्या कापताना मला हसू फुटतं. लोक म्हणतात, बिचारीची सासू गेली आणि ही हसते.

हसत नाही हो. रात्री कूस बदलली की खिडकीशी तुमची खाट दिसते आणि मी उठून बसते. तुम्ही मला कधी 'पोरी' म्हणाला नाहीत, कधी डोक्यावरून हात फिरवला नाहीत. पण माझ्या बाळंतपणात माहेरचं कोणी येऊ शकलं नाही तेव्हा तुम्ही डिंकाचे लाडू वळता वळता मला शिव्या घालत होतात आणि लाडवात काजू घालत होतात. आईची माया मला तुमच्या शिव्यांतून मिळाली. हे मी तुम्हाला एकदाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, "काम नाई का तुले?"

आणि ते तेरवीला आले होते. एकटेच, गाडीशिवाय, फोटोवाल्यांशिवाय. जेवायला बसले नाहीत. मांडवाच्या मागं, मी भांडी मोजून घेत होते तिथं आले. फार खंगल्यासारखे दिसले. म्हणाले, "सूनबाई, काय म्हणायचं ते सांग. तुह्यापुढं म्हणतो. आत्ता म्हणतो. पन ते लुगडं घे माह्याकडून. घरात कोणाला झोप नाही."

क्षणभर मला त्यांच्यात तो राखीवाला मुलगा दिसला. मग तुम्ही दिसलात, पदरानं उंबऱ्यावरचा केर भरताना. मी म्हटलं, "माह्यापुढं नको. गल्लीत म्हना. कौसाबाईच्या दारापुढं उभं राहून."

ते जमिनीकडं बघत म्हणाले, "निवडणूक होऊ दे. मग म्हणतो."

त्यांना वाटलं असेल, मी रडेन किंवा ओरडेन. मी भांडी मोजत राहिले. ते मांडवाच्या कडेकडेनं निघून गेले. तुम्ही असतात तर कदाचित या वेळी घास घेतला असता, कोण जाणे. मी तुमच्याइतकी भली नाही.

आत्याबाई, आपल्या घरचं सुतक फिटलं. त्यांच्या घरचं मी फिटू देणार नाही.